सासूबाईंचं बरळणं वयावर ढकलू नकोस

अगं, लघवीच्या इन्फेक्शनची इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत सासूबाई तुलाच 'कोण गं तू?' विचारायला लागल्या, म्हणजे तुझा जीव उडणारच. पण सगळे म्हणतात तसं 'आता वय झालं' म्हणून सोडून देऊ नकोस बघ.

खरं सांगू का, इन्फेक्शननेही म्हातारी माणसं गोंधळतात आणि त्यावरच्या अँटिबायोटिकनेही. अशा अँटिबायोटिकांपैकी सेफेपिम हे इंजेक्शन किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली असेल तर ते अंगात साठतं आणि मेंदूला त्रास देतं. मग गुंगी, बरळणं, हात दचकल्यासारखे उडणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच सांगितलंय की किडनीच्या रुग्णाचा डोस कमी केला नाही, तर झटके न दिसणारी फिटही येऊ शकते. माणूस नुसता शून्यात बघत बसतो, हाक मारली तरी ओ देत नाही. असं दिसलं तर रात्र असो की पहाट, हॉस्पिटल गाठ.

त्यांच्या फाइलमधला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट काढ. सोबत चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या घे, बीपी-शुगरच्यासुद्धा. डॉक्टरांना सरळ विचार, "यांच्या किडनीच्या मानाने डोस बरोबर आहे ना?" विचारायला लाजू नकोस गं, तो तुझा हक्क आहे. आणि धीर धर. औषध बदललं किंवा डोस कमी केला की बहुतेकांचं डोकं काही दिवसांत ताळ्यावर येतं.

पट्टीवर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहिलेलं असेल तर मात्र आधी बोट टोचून साखर बघ. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर ती फार खाली जाऊ शकते, आणि घामाघूम होऊन असंबद्ध बोलणं त्यामुळेही होतं. ही औषधं नसांनाही त्रास देतात. तळपायाला मुंग्या, आग, बधिरपणा जाणवला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. उशीर झाला तर तो त्रास कायमचा राहू शकतो.

तुझ्या भावाला टीबीच्या गोळ्यांनी मुंग्या येतात म्हणालीस ना? आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ कमी होतं. पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ची, गोळी सुरू आहे का, ते टीबीच्या केंद्रावर विचारायला सांग त्याला. टीबीची औषधं मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाहीत, हे माझं नाव घेऊन बजाव त्याला.

आता फाइल पिशवीत भर आणि नीघ. मुलांचा डबा मी बघते.