छापलेली अफवा

मंडळी, तुम्ही आता वाचू लागलात. याचा आम्हांला आनंद वाटतो. पण छापलेले सारेच खरे असते का? त्यासाठी आज आम्ही एका दूरच्या शहराची हकीकत सांगतो.

युरोपात किशिनेव्ह नावाचे शहर आहे. आज ते मोल्दोव्हा देशाची राजधानी आहे. पूर्वी तिथे रशियाच्या झार राजाचा अंमल होता. शहरात ख्रिस्ती आणि यहुदी लोक राहत. आपल्या कोकणातले 'शनिवार तेली' यहुदीच. ते घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून हे नाव पडले.

सन १९०३ ची गोष्ट. किशिनेव्हजवळच्या एका गावी एका ख्रिस्ती मुलाचा खून झाला. कुणीतरी कंडी पिकवली, "यहुद्यांनी सणाच्या भाकरीत रक्त घालायला पोर मारलं!" ही शुद्ध थाप. यहुदी धर्मात तर रक्त खायलाच बंदी आहे. पण शहरातल्या एका वर्तमानपत्राने ती थाप पसरवली. छापून आले, म्हणून लोकांना ते खरे वाटले.

ईस्टरच्या सणाला जमाव उठला. दोन दिवस घरे फोडली, दुकाने लुटली, बायकांवर अत्याचार केले. पोलीस नुसते बघत राहिले. ४९ यहुदी मेले.

दंगल थांबली. तिचे परिणाम मात्र थांबले नाहीत. रशियात १८८१ पासून अशा दंगली होत होत्या. हा जाच आणि गरिबी यांपायी १९१४ पर्यंत सुमारे २० लाख यहुद्यांनी पूर्व युरोप सोडला. बहुतेक अमेरिकेला गेले. थोडे पॅलेस्टाईनला गेले. "आपला स्वतःचा देश पाहिजे," हा विचार बळावला. पुढे हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख यहुदी मारले. १९४८ साली इस्राएल देश झाला. त्या वेळच्या लढाईत लाखो पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. एकाच्या घराचा प्रश्न सुटताना दुसऱ्याचे घर गेले.

हे सारे एका थापेने झाले, असे आम्ही म्हणत नाही. मनातला द्वेष जुनाच होता, वाळल्या गवतासारखा. थाप ही ठिणगी ठरली.

कोकणातही यहुदी कित्येक शतके राहिले. पण शेजाऱ्यांनी त्यांना छळले नाही. पुढे बरेच जण इस्राएलला गेले. जाताना मराठी बोली सोबत घेऊन गेले.

म्हणून वाचताना आपण दोन गोष्टी विचारू या : हे कुणी पाहिले? पुरावा काय?

सांगा पाहू :
१. लोकांना थाप खरी का वाटली?
२. तुमच्या गावात अफवा उठली, तर तुम्ही काय कराल?