मोडता घालणारीं पानें : न्याय कीं अन्याय?

खेळांत हरणें आणि खेळांत फसविलें जाणें ह्या दोन गोष्टी वस्तुतः अगदीं भिन्न आहेत. परंतु हरलेल्या मनुष्यास त्या क्षणीं त्या एकच भासतात. हा भेद ओळखण्याची संवय लहानपणींच लागली तर पुढें संसारांत पुष्कळ मनस्ताप वांचतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांचा आवडता असा एक नवा खेळ, व त्यांत वारंवार उद्भवणारा एक जुनाच तंटा, आज आम्ही विचारासाठीं घेत आहों.

२०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टींत आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां आंतल्या खोलींतून मोठा आरडाओरडा ऐकूं आला. स्नेह्यांचे दोन मुलगे आपापल्या मोबाईलवर एकमेकांविरुद्ध 'हार्थस्टोन' नांवाचा पत्त्यांचा खेळ खेळत होते. धाकट्यानें पंधरा मिनिटें जपून ठेवलेलें हुकमी पान थोरल्यानें एका चालीसरशीं त्याच्या हातांतून काढून घेतलें, आणि त्याच्या मोबदल्यांत आपल्याकडील एक निरुपयोगी पान त्याच्या गळ्यांत बांधलें. "दादा, ही लबाडी आहे!" असें धाकट्याचें म्हणणें. "अरे, नियमांतच आहे तें!" असें थोरल्याचें उत्तर. अखेर दोघेहि निवाड्यासाठीं आमच्याकडे आले. "नियमांत आहे तें न्याय्य," असें म्हणून आम्हीं थोरल्याच्या बाजूनें निकाल दिला. धाकटा कांहीं बोलला नाहीं. पण त्यास तो निकाल पटला नाहीं हें त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होतें. घरीं परततांना आमच्याहि मनास तो पटेना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या घाईच्या निकालाची फेरतपासणी होय.

ज्या पालकांस ह्या खेळाची माहिती नसेल त्यांच्यासाठीं प्रथम त्याचें स्वरूप सांगतों. आपल्या नेहमींच्या पत्त्यांत बावन्न पानें सर्वांचीं सामाईक असतात. तीं पिसावीं, वाटावीं, आणि नशिबानें हातीं येईल त्यावर खेळावें. संग्रहाच्या खेळांत तसें नाहीं. त्यांत शेंकडों निरनिराळीं पानें असून प्रत्येक गडी त्यांतून आपल्या पसंतीचा जोड घरून रचून आणतो. ह्या प्रकारचा आद्य खेळ, 'मॅजिक : द गॅदरिंग', रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञानें रचिला व तो १९९३ मध्यें प्रसिद्ध झाला. तो कागदी पानांचा होता. पुढें तीच कल्पना पडद्यावर आली, आणि २०१४ मध्यें ब्लिझर्ड ह्या अमेरिकन कंपनीनें 'हार्थस्टोन' काढला. ह्या खेळांत प्रत्येकाच्या जोडांत ३० पानें व प्रत्येकाचे प्राणांकहि ३० असतात. पान खेळण्यास 'माना' नांवाची शक्ति खर्चावी लागते. ती पहिल्या पाळीस १, दुसऱ्या पाळीस २, अशी १० पर्यंत वाढत जाते. प्रतिपक्ष्याचे प्राणांक जो शून्यावर आणील तो जिंकला.

बहुतेक पानें खेळणाऱ्याची बाजू बळकट करतात. कांहीं पानें मात्र स्वतःचें घर न बांधतां दुसऱ्याच्या घराचा पाया उकरतात. 'मॅजिक'मध्यें अगदीं आरंभापासून असलेलें 'काउंटरस्पेल' हें पान प्रतिपक्ष्यानें टाकलेला मंत्र जागच्या जागीं रद्द करतें. त्याच खेळांतील 'थॉटसीझ' (२००७) प्रतिपक्ष्याचा हात उघडा करून, भूमीचीं पानें सोडून, आपण निवडूं तें एक पान त्यास टाकावयास लावतें. 'हार्थस्टोन'मधील 'डर्टी रॅट' (२०१६) हा उंदीर समोरच्याच्या हातांतील एक सैनिक, कोणता तें नशिबावर, वेळेआधींच पटावर ओढून आणतो. 'म्युटेनस' (२०२१) हातांतील एक सैनिक गिळून टाकतो व त्याचें बळ स्वतः घेतो. आणि 'थिओटार' (२०२२) ह्याची करामत वर वर्णिल्याप्रमाणें. तो दोन्ही हातांतील तीन तीन पानें दाखवितो, त्यांतून एक एक निवडून त्यांची अदलाबदल करतां येते.

अशा पानांविरुद्ध तक्रार करणाऱ्यांचें म्हणणें क्षुल्लक नव्हे. ते म्हणतात, आम्हीं जोड विचारपूर्वक रचिला, योग्य पान येईपर्यंत धीर धरला, मार खाल्ला, आणि फळ हातीं येण्याच्या वेळीं तें झाडासकट उपटून नेलें. शिवाय 'मॅजिक'मध्यें दुसऱ्याच्या पाळींतहि कांहीं पानें खेळून प्रतिकार करतां येतो. 'हार्थस्टोन'मध्यें आधीं मांडून ठेवलेल्या गुप्त पानांखेरीज तशी सोय नाहीं. घर लुटलें जात असतां हात बांधून पाहत बसावें, तशी ही स्थिति होते.

आतां दुसरी बाजू ऐका. कांहीं जोड असे असतात कीं, त्यांतील तीनचार विशिष्ट पानें एकत्र आलीं म्हणजे एकाच पाळींत प्रतिपक्ष्याचा निकाल लागतो. असा जोड घेऊन बसलेला गडी पटावरील लढाईकडे फारसें लक्ष देत नाहीं. तो फक्त वेळ काढतो. समोरच्याजवळ मोडता घालण्याचें कांहींच साधन नसेल, तर त्यानें कितीहि उत्तम चाली केल्या तरी ठरल्या वेळीं त्याचा शिरच्छेद व्हावयाचाच. मग हात बांधले कोणाचे? कबड्डींत चढाईस आलेल्या गड्यास पकडूंच नये, असा नियम केला तर तो खेळ उरेल काय? ज्या खेळांत दुसऱ्याच्या बेतास धक्काच लावतां येत नाहीं, तो दोघांचा खेळ नव्हे. ते दोन एकटे होत. तेव्हां मोडता घालणें हें स्वभावतःच अन्यायाचें आहे, हें धाकट्याचें म्हणणें टिकत नाहीं.

परंतु "नियमांत आहे म्हणून न्याय्य," हें थोरल्याचें, व त्या दिवशींचें आमचें म्हणणेंहि टिकत नाहीं. नियम करणारींहि माणसेंच असतात व तीं आपली चूक पुढें सुधारतात. 'मॅजिक'मध्यें शक्ति मुख्यतः भूमीच्या पानांपासून मिळते. आरंभीं प्रतिपक्ष्याची भूमि थोड्या खर्चांत नष्ट करणारीं पानें बरींच होतीं. तीं खेळलीं म्हणजे समोरचा गडी हातांत भरपूर पानें असूनहि एकहि खेळूं शकत नसे. डाव चालू राही, पण त्याच्यापुरता खेळ संपलेला असे. रचनाकारांनीं पुढें अशीं स्वस्त पानें काढणें कमी केलें. 'थिओटार'ची किंमत प्रथम ४ माना होती. तीहि पुढें वाढविण्यांत आली. सारांश, मोडता असावा कीं नसावा हा प्रश्न नसून, तो कोणत्या अटींवर असावा हा खरा प्रश्न आहे.

ह्या अटी शोधण्यास दूर जावयास नको. सुट्टींत घरोघर रंगणारा पांच-तीन-दोनचा डाव घ्या. तीन गडी, तीस पानें, प्रत्येकास दहा. ज्याचे हात ठरल्याहून अधिक झाले असतील तो पुढच्या डावांत, ज्याचे कमी पडले असतील त्याच्या हातांतून तितकीं पानें न पाहतां ओढतो, व आपणांस नकोत तीं त्यास परत देतो. हाहि 'थिओटार'च नव्हे काय? कित्येकदां एक्का ओढला जातो, मनुष्य कपाळास हात लावतो. परंतु "लबाडी" हा शब्द कोणाच्या तोंडून निघत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. ओढण्याचा हक्क मागील डावांत कष्टानें मिळविलेला असतो. ओढणारा पान पाहत नाहीं, त्यामुळें त्याच्या हातीं सत्ती येण्याचाहि संभव असतो. एक एक्का गेला तरी बाकीचीं पानें घेऊन डाव खेळतां येतो. आणि तीं तीस पानें सर्वांचीं सारखींच असतात. कोणी चांगलें पान बाजारांतून आणून त्यांत मिसळीत नाहीं.

ह्यावरून आम्हांस चार कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी ही कीं, मोडता घालणाऱ्यानें त्याची कांहीं किंमत द्यावी. 'थॉटसीझ' खेळणाऱ्याचे २० पैकीं २ प्राणांक जातात. 'काउंटरस्पेल' बाळगणाऱ्यास आपल्या पाळींत शक्ति राखून ठेवावी लागते. 'डर्टी रॅट' तर दुधारी शस्त्र आहे. त्यानें एखादा प्रचंड राक्षस ओढून आणला तर तो प्रतिपक्ष्यास फुकट मिळतो. जो स्वतः धोका पत्करून मोडता घालतो त्याच्यावर अन्यायाचा आरोप करतां येत नाहीं.

दुसरी कसोटी ही कीं, समोरच्यास आधीं सावध होण्याची वाट असावी. येथें थोडें गणित उपयोगी पडेल. 'थिओटार' तुमच्या हातांतील तीन पानें दाखवितो. तुमच्या हातांत तीनच पानें असतील तर तुमचें हुकमी पान दिसणारच. सहा असतील तर तें दिसण्याचा संभव ३/६, म्हणजे निम्मा. ह्या खेळांत हातांत १० हून अधिक पानें राहत नाहींत. तितकीं असतील तर संभव ३/१० इतकाच. आमच्या धाकट्या मित्राच्या हातांत त्या वेळीं चार पानें होतीं, म्हणजे चारांत तीन हिश्श्यांनीं धोका त्यानें स्वतःच ओढवून घेतला होता. शिवाय त्याच्या जोडांत जिंकण्याचा दुसरा मार्गच नव्हता. सर्व भार एकाच खुंटीवर टांगला, तर खुंटी उपटणाऱ्यास सर्वस्वी दोष देतां येत नाहीं.

तिसरी कसोटी: मोडता बसल्यावरहि खेळ शिल्लक राहावा. एक बेत मोडला तर दुसरा करतां यावा. समोरच्यास केवळ पाहत बसविणारें पान नियमांत असलें तरी तें खेळाचें पान नव्हे. तें खेळ बंद करण्याचें कुलूप होय.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची असून तिजकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. तें पान दोघांनाहि सारखेंच मिळण्याजोगें असावें. 'हार्थस्टोन'चीं पानें पांच पांचांच्या बंद पुड्यांतून मिळतात. पुडा खेळून मिळविलेल्या सोन्यानें घेतां येतो, किंवा खऱ्या पैशानें. आंत काय निघेल तें फोडल्यावांचून कळत नाहीं. हवें तें पान निघालें नाहीं तर जवळचीं पानें मोडून त्यांच्या भुकटीपासून तें बनवितां येतें; परंतु सर्वांत वरच्या प्रतीचें एक पान बनविण्यास १६०० भुकटी लागते, आणि तशाच प्रतीचें पान मोडलें तर ४०० मिळते. म्हणजे चार मोडावीं तेव्हां एक मिळावें. 'थिओटार' ह्याच प्रतीचा आहे. आणखी एक विशेष असा कीं, छापलेलें पान आहे तसेंच राहतें. पडद्यावरचें पान मात्र कंपनी रातोरात बदलूं शकते. किंमत वाढवून पान दुबळें केलें तर कांहीं दिवसांपुरती तें मोडल्यास पुरी भुकटी परत मिळते, हें खरें. तरी पैसा देऊन घेतलेली ही वस्तु सर्वस्वी आपली नाहीं, हें पालकांनीं व मुलांनीं नीट समजून घ्यावें.

आतां त्या दोन भावांकडे वळूं. मागाहून चौकशी करतां असें कळलें कीं, आजोबांनीं दिवाळीस दोघांनाहि सारखेच पैसे दिले होते. धाकट्यानें त्यांची बॅट घेतली. थोरल्यानें वडिलांच्या अनुमतीनें पुडे घेतले, व त्यांतून त्यास तें पान मिळालें. ह्यांत कोणाचाच अपराध नाहीं. परंतु पटावर ते दोघे समान नव्हते, आणि ही विषमता बुद्धीची नसून पुड्यांची होती. धाकट्यास ती जाणवली होती. तिचें नांव मात्र त्यास ठाऊक नव्हतें, म्हणून त्यानें तिला "लबाडी" म्हटलें. आम्हीं तिचें खरें नांव शोधावयास हवें होतें. तें न करतां नियमाकडे बोट दाखवून आम्हीं त्यास गप्प केलें, ही आमची चूक झाली.

नाताळांत आम्ही पुन्हां त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां ही चूक दोघांसमोर कबूल केली व सुधारलेला निकाल सांगितला. तो असा: मोडता घालण्यांत थोरल्याचा दोष नाहीं, सर्व आशा एकाच पानावर ठेवण्यांत धाकट्याची चूक आहे, परंतु भावाभावांनीं आपसांत खेळतांना जीं पानें दोघांजवळहि आहेत तेवढ्यांचेच जोड रचावे. परक्याशीं खेळतांना ही सोय नाहीं. तेथें समोरचा काय घेऊन आला आहे हें गृहीत धरूनच बसावें लागतें. दोघांनींहि हें मान्य केलें. थोरल्यानें थोडी कुरकुर केली, पण केलें.

विद्यार्थिमित्रांनो, हरल्यावर राग येणें स्वाभाविक आहे. तथापि "लबाडी" हा शब्द उच्चारण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारा: हें होऊं शकतें हें मला आधीं ठाऊक होतें काय? तें टाळण्यासाठीं मला कांहीं करतां आलें असतें काय? आणि त्याच्या जागीं मी असतों तर मला हेंच करतां आलें असतें काय? तिन्ही प्रश्नांचें उत्तर 'होय' असेल तर तुमचा पराभव झाला आहे, अन्याय नव्हे. एखाद्याचें उत्तर 'नाहीं' असेल, तर तुमची तक्रार ऐकण्याजोगी आहे. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें तक्रार आणली म्हणजे "खेळच तो, त्यांत काय एवढें!" असें म्हणून तिला वाटेस लावूं नये. न्यायाचा विचार मूल प्रथम खेळांतच शिकतें.

त्या नाताळच्या भेटींत निरोप घेतांना धाकट्यानें आम्हांस बाजूला नेऊन हळूच सांगितलें, "आतां मी हातांत एक मोठें दिसणारें, पण मला नको असलेलें पान मुद्दाम ठेवतों. समोरच्यानें खुशाल न्यावें!" आमच्या सर्व कसोट्यांहून ही युक्ति अधिक व्यवहारी आहे, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे.