सर्वांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश

ज्ञानकोश म्हटला की जाडजूड ग्रंथांचे कपाट डोळ्यांपुढे येते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. हे कोश विद्वानांनी लिहिले. आपण केवळ वाचक होतो.

विकिपीडियाने हा भेद मोडला. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी तो इंग्रजीत सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्र दिनी झाला. तो वाचायला पैसे पडत नाहीत आणि लिहिणाऱ्यांना मानधन मिळत नाही. ‘संपादन’ या शब्दावर टिचकी मारून कोणीही लेखात भर घालू शकतो.

मग वाटेल ते लिहिले तर? बँकेत नोकरी करणाऱ्याला याचे उत्तर लवकर समजते. आमच्याकडे व्हाउचरशिवाय खात्यात नोंद होत नाही, तसा तेथे प्रत्येक विधानाला छापील किंवा प्रसिद्ध झालेला दाखला लागतो. चुकलेली नोंद आम्ही खोडरबराने पुसत नाही. तेथेही ‘इतिहास’ या पानावर जुना मजकूर, बदलाची तारीख व वेळ राहते. मतभेद झाल्यास चर्चापानावर बोलायचे. स्तुती वा निंदा न करता लिहायचे.

मी एकदा हडपसरमधील आपल्या वस्तीविषयी चार ओळी लिहिल्या. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली ती हकिकत होती. संदर्भ नाही म्हणून त्या काढून टाकल्या गेल्या. मला राग आला. मागाहून उमगले की दोष काढणाऱ्याचा नव्हता. आपली हकिकत आजवर कोणी छापलीच नव्हती. जे कोठेच नोंदले गेले नाही, ते ज्ञानकोशात येणार कसे?

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून दोन कामे करा. जेथे दाखला आहे तेथे भर घाला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन व भाषणांचे खंड ग्रंथालयात मिळतात; खंड व पृष्ठ क्रमांकासह त्यांतील माहिती देता येते. जेथे दाखला नाही, तेथे वृद्धांकडून ऐका, जुनी वर्तमानपत्रे, पत्रके, ठरावाची वही तपासा आणि नाव, गाव, तारीख घालून छापा. स्वतःच्या संस्थेविषयी स्वतः छापलेले तेवढ्याने पुरत नाही, बाहेरचाही दाखला लागतो. परंतु उद्याच्या अभ्यासकाला सुरुवात तेथूनच करावी लागेल.

आपल्या घरातील एका वृद्धाची आठवण या वर्षी लिहून काढली, तरी पुष्कळ झाले.