घरच्या घरी गिटार रेकॉर्डिंग : काय घ्यावे, काय टाळावे

प्रत्येक सुट्टीच्या आधी आमच्या हाउसमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो : "घरी गिटार रेकॉर्ड करायची तर काय काय घ्यावे लागेल?" विचारणारे बहुतेक जण रॉक आणि मेटल वाजवणारे असतात. हॉस्टेलमध्ये लॅपटॉप ठेवता येत नाही, मोठ्या आवाजात ॲम्प लावता येत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगचे सगळे बेत सुट्टीसाठी राखून ठेवलेले असतात. सुट्टीचे दिवस मोजके असतात आणि पैसे आईवडिलांच्या पगारातून यायचे असतात. चुकीची वस्तू आली तर ती बदलून घेईपर्यंत परतीच्या गाडीची तारीख येते. म्हणून खरेदीच्या आधी थोडा अभ्यास केलेला बरा. हा लेख त्यासाठीच आहे.

गिटार आणि साधा लॅपटॉप तुमच्याकडे आहे असे मी धरले आहे.

आधी थोडे विज्ञान

१८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज निर्माण होते. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे हाच प्रयोग. चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यातून क्षीण वीजप्रवाह निघतो. सगळ्यात जाड तार, म्हणजे खालचा ई, सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. तीच तार सैल करून डी केली, तर सुमारे ७३ वेळा.

हा प्रवाह फार दुबळा असतो, हे लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात. तो नीट स्वीकारणारे यंत्र नसेल तर तारेची चमक जाते आणि आवाज गोणपाटाखाली झाकल्यासारखा येतो. शिवाय पिकअप हा एक प्रकारचा अँटेनाच असतो. आपल्या घरांतील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिची घुमघुम तो पकडतो. मेटलमध्ये गेन भरपूर लागतो, त्यामुळे ही घुमघुमही तेवढीच मोठी होते. हमबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात. बाहेरून आलेली घुमघुम दोघांत उलटसुलट येऊन बरीचशी नाहीशी होते. जड संगीतात हमबकर जास्त दिसतात, त्यामागे हे मोठे कारण आहे.

तीन वाटा

पहिली वाट : ॲम्पसमोर माइक. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासून बाजारात असलेला माइक आजही जगभर गिटार ॲम्पसमोर दिसतो. पण या वाटेला चांगला ॲम्प, मोठा आवाज आणि सहनशील शेजारी लागतात. क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांना ती बहुधा बंदच असते.

दुसरी वाट : यूएसबी असलेला मल्टिइफेक्ट्स पेडल. इथे लॅपटॉपशिवायही सराव होतो, ही मोठी सोय आहे. स्टेजवरही तो कामाला येतो. मात्र त्यातले आवाज तेवढेच राहतात. गायन किंवा अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायची तर बहुतेक साध्या पेडलांत माइकची सोय नसते.

तिसरी वाट : ऑडिओ इंटरफेस आणि सॉफ्टवेअर. गिटारची वायर एका छोट्या डबीत जाते, डबी यूएसबीने लॅपटॉपला जोडली जाते आणि ॲम्पचे काम सॉफ्टवेअर करते. आवाज फक्त हेडफोनमध्ये येतो, त्यामुळे रात्री अकरा वाजताही कोणाची झोप मोडत नाही. माझ्या मते आपल्यासारख्यांनी हीच वाट धरावी. याचे सर्वांत मोठे कारण असे, की गिटारचा मूळ कोरा आवाज जसाच्या तसा साठवता येतो. सुट्टीत वाजवून ठेवा. त्यावर कोणता ॲम्प चढवायचा हे पुढच्या सुट्टीतही ठरवता येते.

इंटरफेस घेताना पाच प्रश्न

१. गिटारसाठी खास इनपुट आहे का? त्यावर 'इन्स्ट', 'हाय-झेड' असे लिहिलेले किंवा गिटारचे चित्र असते. या इनपुटचा अवरोध सुमारे दहा लाख ओहम असतो, तर माइकच्या इनपुटचा काही हजार ओहमच. दुबळा पिकअप माइकच्या इनपुटला जोडला की वरचे स्वर मरतात. या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर पुढचे चार विचारूच नका.

२. किती बिट? प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबलची जागा देतो. १६ बिटला सुमारे ९६ आणि २४ बिटला सुमारे १४४ डेसिबल, हा कागदावरचा हिशोब. २४ बिट असेल तर पातळी निर्धास्तपणे कमी ठेवून रेकॉर्ड करता येते. सँपल रेट मात्र ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ पुरे. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि नोंदीचा वेग त्याच्या दुपटीहून थोडा जास्त असला की काम भागते. खोक्यावर १९२ लिहिले आहे म्हणून जादा पैसे देऊ नका.

३. इनपुट किती? दोन पुरेत. एक गिटारला, एक माइकला. आठ इनपुटचे यंत्र ड्रम रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी असते.

४. ड्रायव्हर कसा आहे? विंडोजवर कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असावा. मॅकवर ही सोय मुळातच असते.

५. हेडफोनला वेगळी आवाजाची कळ आहे का? असावी. 'डायरेक्ट मॉनिटर'ची कळही उपयोगी असते, पण तिच्यातून गिटारचा कोरा आवाजच ऐकू येतो. डिस्टॉर्शन ऐकत वाजवायचे असेल तर लॅपटॉपमधून फिरून आलेलाच आवाज ऐकावा लागतो, आणि तिथे खरी परीक्षा होते.

उशिराचे गणित

लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की उचलतो. या बादलीला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला ५१२ नमुन्यांचा बफर ठेवला तर ५१२ भागिले ४८,००० म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद. जाताना एक बादली आणि येताना एक, म्हणजे २१ मिलिसेकंदांहून जास्त.

हे फार वाटत नाही ना? आता दुसरे गणित करू. मेटलमध्ये मिनिटाला १८० ठोक्यांचा वेग नेहमीचाच. एका ठोक्यात चार स्वर वाजवले तर दोन स्वरांत अंतर राहते सुमारे ८३ मिलिसेकंद. म्हणजे तुमचा प्रत्येक स्वर पाव अंतर उशिरा कानावर पडतो. ड्रिलमध्ये मागच्या रांगेचे पाऊल एवढे उशिरा पडले तर उस्ताद काय म्हणतील ते सांगायला नको!

बफर १२८ केला की जाण्यायेण्याचे मिळून सुमारे ५.३ मिलिसेकंद होतात. यंत्राचा स्वतःचा थोडा वेळ धरला तरी तो हाताला खटकत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभे राहून वाजवण्यासारखे. म्हणून वाजवताना बफर लहान ठेवा, नंतर मिक्स करताना मोठा करा. लॅपटॉप जुना असेल आणि आवाज तडतडू लागला तर बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करा.

सॉफ्टवेअर : पैसे इथे वाचतात

रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळते. ॲम्पसाठी 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. खऱ्या ॲम्पचे वागणे संगणकाला शिकवून ते त्याची नक्कल करते.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही : कॅबिनेट. गिटारचा १२ इंची स्पीकर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही. डिस्टॉर्शनमधून निघणारी कर्कश टोके तोच गाळतो. नुसता ॲम्प लावला आणि कॅबिनेट लावले नाही, तर डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज येतो. यासाठी इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या लहान फाइली मिळतात, बऱ्याचशा फुकट. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून त्या हॉलचा घुमारा टिपून घ्यावा, तसा स्पीकर आणि माइक यांचा स्वभाव त्या फाइलीत टिपलेला असतो.

हेडफोन, आणि त्याहून महत्त्वाचे कान

हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये साधारण शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त उशीर होतो. वरचे सगळे गणित तिथे पाण्यात जाते. पाठीमागून बंद असलेला, कान पूर्ण झाकणारा आणि 'जादा बेस' न देणारा हेडफोन चांगला. बेस वाढवून ऐकवणाऱ्या हेडफोनवर मिक्स केलेले गाणे दुसरीकडे पोकळ वाटते.

आता कॅडेट म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्यापैकी अनेकांचे लक्ष्य एनडीए आहे आणि तिथल्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासले जातात. आतल्या कानातल्या संवेदनशील पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. डिस्टॉर्शन लावले की आवाज हळूहळू वाढवत नेण्याचा मोह होतो. म्हणून बसण्याआधी कळ ठरवा आणि मग तिला हात लावू नका. पाऊण तास वाजवले की दहा मिनिटे हेडफोन काढा. रेकॉर्डिंग पुन्हा करता येते, कान पुन्हा मिळत नाहीत.

पैशांची वाटणी

समजा घरून पंधरा हजार रुपये मिळणार आहेत. मी ते असे वाटेन :

इंटरफेस : ७ ते ८ हजारांच्या आत.
हेडफोन : ३ ते ४ हजार.
तीन मीटरची चांगली गिटार केबल, हेडफोनची मोठी पिन आणि तारांचे दोन संच : दीड ते दोन हजार.
उरलेले : खर्चायचे नाहीत. काहीतरी राहिलेले असतेच.

जुना इंटरफेस घेणार असाल तर तो स्वतःच्या लॅपटॉपला जोडून, प्रत्येक सॉकेट वापरून बघा. त्याचा ड्रायव्हर आजच्या विंडोजवर चालतो का, हे आधी विचारा. तीन मीटरऐवजी दहा मीटर केबल घेऊ नका. केबल लांबली की वरचे स्वर कमी होतात.

सध्या टाळायच्या वस्तू : स्टुडिओचे स्पीकर (साध्या खोलीत भिंतीच जास्त ऐकू येतात), कंडेन्सर माइक (गिटार थेट जोडणाऱ्याला त्याची गरज नाही) आणि दुसरी गिटार. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

पहिल्या आठवड्याचा सराव

तारा बदला. ड्रॉप ट्यूनिंग करणार असाल तर जाड संच लावा, नाहीतर सैल तार लोंबते आणि सूर हलतो. प्रत्येक टेकच्या आधी सूर लावा. सर्वांत जोरात वाजवून पातळी बघा. ती उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबावी, लाल दिवा कधीच लागू नये. डिजिटलमध्ये फाटलेला आवाज शिवता येत नाही.

मेट्रोनोम लावून आठच मात्रांची एक रिफ घ्या. ती एकदा वाजवा आणि डावीकडे ठेवा. पुन्हा नव्याने वाजवा आणि उजवीकडे ठेवा. मेटलचा भिंतीसारखा रुंद आवाज यातूनच येतो. एकाच टेकची नक्कल करून दोन्हीकडे ठेवली तर आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. दोन टेक असले की गेन थोडा कमी करा, रिफ जास्त स्पष्ट ऐकू येईल. दोन्ही टेक एकमेकांवर बसत नसतील तर दोष इंटरफेसचा नाही. नाचता येईना, अंगण वाकडे, असे होऊ देऊ नका.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाने यादी दिली तर प्रत्येक वस्तूपुढे 'ही नसेल तर काय अडेल?' असे विचारा. बरोबर उत्तर आले तरच पैसे द्या. लॅपटॉप आणि इतर यंत्रे अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावू द्या. घुमघुम घालवण्यासाठी अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. त्यापेक्षा थोडा वेळ लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघावा.

शेवटी

१९६८ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'स्ट्रीट फायटिंग मॅन' या गाण्यासाठी अकूस्टिक गिटार एका छोट्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये मुद्दाम फाटेपर्यंत रेकॉर्ड केली. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर होता. १९७६ च्या पहिल्या अल्बमचा बराच भाग त्याने स्वतःच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला, आणि तो अल्बम एक कोटीहून जास्त खपला. दोघांनाही आपले यंत्र काय करू शकते आणि काय नाही, हे नेमके माहीत होते. तेवढी ओळख करून घ्यायला एक सुट्टी पुरते. या सुट्टीत आठ मात्रा नीट रेकॉर्ड करून आणा. शाळा उघडल्यावर म्युझिक रूममध्ये सगळे मिळून ऐकू.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी