गोरखगडावर एक रात्र, आखणी उलटीकडून

आधी परतीची गाडी ठरवा, मग गड. मुरबाड तालुक्यात हा क्रम चुकवून चालत नाही, कारण इथे अजून रेल्वे नाही. शेजारच्या शहापुरात माहुली आहे. आसनगाव स्टेशनला उतरायचं, रिक्षाने पायथ्याचं माहुली गाव गाठायचं, दिवसभर चढ-उतर करायची आणि उशीर झालाच तर कसाऱ्याहून येणारी लोकल पकडायची. पळसगड, माहुली आणि भंडारगड असं ते त्रिकूट. १६३६ साली शहाजीराजांनी जिजाऊ आणि बाल शिवाजींसह जिथे आसरा घेतला तो हा गड. हातात एकच दिवस असेल तर खुशाल माहुलीला जा. मित्रांबरोबर डोंगरावर रात्र काढायची असेल, तर गोरखगड. ही कृती त्या रात्रीची.

कल्याण, मुरबाड, म्हसे, देहरी असा रस्ता. देहरी गावात पोचलं की मागे दोन सुळके उभे दिसतात: थोरला गोरखगड, धाकटा मच्छिंद्रगड. नाथपंथात मच्छिंद्रनाथ गुरू आणि गोरखनाथ शिष्य. पण इथे गुरूच्या सुळक्यावर प्रस्तरारोहणाच्या साधनांशिवाय जाता येत नाही आणि शिष्याच्या गडाला खोदीव पायऱ्या आहेत. आपण शिष्याकडे जायचं. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ६५० मीटर. आकडा ऐकून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, शेवटच्या टप्प्यात तोच सगळ्यात गप्प असतो.

आता आखणी. कल्याणच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी उभं राहून दोन गोष्टी विचारा: देहरीहून दुपारनंतर मुरबाडला येणाऱ्या गाड्या किती, आणि त्यातली शेवटची किती वाजताची. मोबाइलवर सापडलेल्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका. शाळेला सुट्टी असली की ग्रामीण भागातल्या काही फेऱ्या बंद असतात. उत्तर मिळालं की शेवटची गाडी आपली नाही असं समजायचं, तिच्या आधीची आपली. तिथून मागे मोजत या. गाडीच्या आधी गावात जेवणाचा एक तास. त्याआधी उतरायला तीन तास. त्याआधी माथा पाहून, सामान बांधून, गुहा झाडून निघायला दोन तास. म्हणजे दुपारी दोनची गाडी असेल तर सकाळी आठला माथ्यावरची गंमत सुरू झालेली हवी. चढायला साधारण दोन तास लागतात आणि उतरायला मी तीन धरतो, हे उलटं वाटेल. पण खोदीव पायऱ्यांवरून एका वेळी एकच माणूस उतरतो. प्रत्येकाला चार मिनिटं लागली तर आठ जणांचा त्या एका टप्प्यात अर्धा तास जातो. तेवढा वेळ बाकीचे सात जण कड्याला टेकून उभे.

म्हणून भिडू पाच ते आठ, त्याहून जास्त नकोत. ग्रुपवर 'नक्की' लिहिणाऱ्यांना मोजू नका, पैसे पाठवणाऱ्यांना मोजा. आठांमध्ये किमान दोघे असे हवेत ज्यांनी आधी कातळाच्या पायऱ्या चढल्या-उतरल्या आहेत. एक पुढे चालेल, एक शेवटी. उंचीची खरोखर भीती असणाऱ्याला आग्रह करू नका. त्याला माहुलीला न्या, किंवा देहरीतच थांबवा.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी वाहतं, शेवाळ धरतं आणि धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. पावसाळी फोटोंच्या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यातही एक तारीख बघून ठेवा. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा सुरू होते. म्हसोबाच्या या यात्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो, रस्ता बैलांनी आणि माणसांनी भरून जातो. यात्राच बघायला जायचं तर त्यासारखी मजा नाही. पण देहरीची गाडी गाठायची असेल तर तो आठवडा सोडा.

सामानात पाणी पहिलं. प्रत्येकी तीन लिटर, स्वतःच्या पाठीवर. गडावर टाकी आहेत, पण चढताना तहान वाटेत लागते, टाक्याजवळ नाही. बूट रबरी तळव्याचे, नक्षी न झिजलेले. प्रत्येकाला डोक्याला बांधायचा टॉर्च. मोबाइलचा उजेड धरायला एक हात अडकतो आणि पायऱ्यांवर दोन्ही हात लागतात. अंथरायला मॅट, पांघरायला जाड काही, कारण डिसेंबरात गुहेच्या तोंडाशी वारा झोंबतो. सगळ्यांत मिळून एक छोटा गॅस स्टोव्ह, दोन पातेली, तांदूळ, मुगाची डाळ, कांदे, बेसन, तेल, मीठ, तिखट. चॉकलेटं आणि वेफर्स आणायला कुणाला सांगावं लागत नाही, मीठ मात्र नावानिशी एकाकडे सोपवा. औषधांत जखमेची पट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं आणि ज्याची त्याची नेहमीची औषधं. दोर माहीतगाराकडेच असावा. गाठ न येणाऱ्याच्या हातातला दोर खोटा धीर देतो.

सॅक भरताना एक नियम पाळा: बाहेर काही लटकवायचं नाही. आडवी बांधलेली मॅट अरुंद वाटेवर कातळाला घासते आणि माणसाला दरीच्या बाजूला ढकलते. मॅट उभी बांधा. पातेली सॅकच्या आत.

प्रवास थोडक्यात. सकाळी सातच्या सुमारास कल्याण, मुरबाडला चहा-वडा, तिथून देहरीची एसटी. ती चुकली तर म्हशापर्यंत जा आणि पुढे शेअरिंगची गाडी बघा. एसटीत चढलात की कंडक्टरला पुन्हा परतीची वेळ विचारा. त्याचं उत्तर खिडकीतल्या उत्तराहून खरं असतं.

देहरीत पोचून लगेच वर धावू नका. दुपारी अडीचपर्यंत निघालं तरी पुरतं, कारण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नवशिक्यांसाठी तीन तास धरले तरी उजेड हातात राहतो. मधला वेळ गावात घालवा. ज्या घरी जेवाल तिथेच विचारा, "मावशी, उद्या एकला आठ जणांचं जेवण होईल का? पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या." पैसे आधी ठरवा आणि निम्मे लगेच द्या. त्या घरातल्या काकांना सांगून ठेवा की आपण इतके जण वर चाललोय, उद्या एकपर्यंत खाली येऊ. एक नंबर त्यांच्याकडे ठेवा, त्यांचा आपल्याकडे. हा निरोप घरच्यांनाही द्या, कारण वर मोबाइलची रेंज बेभरवशाची. वाट माहीत नसेल तर गावातला वाटाड्या घ्या. आणि पोटाचा कार्यक्रम खालीच उरकून घ्या. वर आडोसा कमी, टाकी जवळ, आणि एका बाजूला सरळ दरी.

गावातल्या देवळाच्या मागून वाट जंगलात शिरते. पहिला टप्पा झाडीतला, मग सोंडेवर चढ लागतो. इथे वेग ठरवायचा तो सगळ्यात हळू चालणाऱ्याने. त्याला पुढून दुसरा ठेवा. शेवटी ठेवलंत तर तो पोचेपर्यंत पुढचे विश्रांती घेऊन उठतात आणि त्याला बसायलाच मिळत नाही. सोंडेवर मुरमाड घसारा आहे आणि हिवाळ्यातलं वाळकं गवत त्याहून निसरडं. पाय पूर्ण टेकवा, टाच आधी. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागचा नजरेत येईपर्यंत हलायचं नाही.

सोंड संपून कातळ सुरू झाला की पाच मिनिटं थांबा. पाणी प्या, बुटाच्या नाड्या आवळा, मोबाइल खिशातून काढून सॅकमध्ये टाका. इथून पुढे सेल्फी नाही. पायऱ्या कातळात खोदलेल्या आहेत, काही झिजून नुसत्या खोबणी राहिल्यात. दोन हात आणि एक पाय पक्के असल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. पुढचा सुरक्षित जागी पोचून "या" म्हणेल तेव्हाच मागच्याने निघायचं. खालच्याने वरच्याच्या बरोबर खाली उभं राहू नये. दगड सुटतो तो नेमका तिथे येतो. याच वाटेवर कातळातून कोरलेला दरवाजा लागतो, शेजारी शिलालेख आहे. दरवाजातून वर, थोड्या पायऱ्या, मग वाट किंचित उतरून गुहेशी येते.

गुहा प्रशस्त आहे, वीस-पंचवीस माणसं सहज झोपतात. समोर दरी, दरीपलीकडे मच्छिंद्रगडाचा सुळका आणि अगदी काठावर चाफ्याची झाडं. बांधणारा कुणी का असेना, जागा हेरणाऱ्याला दाद द्यावी. आहुपे घाट आणि नाणेघाट या जुन्नरकडे चढणाऱ्या वाटांच्या टापूत हा गड येतो. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, म्हणजे या बाजूची वर्दळ दोन हजार वर्षांची.

पोचल्याबरोबर, उजेड असतानाच, तीन कामं. काठापासून आत दोन-तीन पावलांवर दगडांची ओळ मांडा. अंधार पडल्यावर ती कुणी एकट्याने ओलांडायची नाही. टाक्यातून पाणी भरा: भांडं स्वच्छ, हातपाय बुडवायचे नाहीत, साबण नाही, कपड्याने गाळून उकळून घ्या. तिसरं, खाण्याच्या पिशव्या सॅकमध्ये कोंबून बंद करा, माकडांना चेन उघडायला वेळ लागतो पण पिशवी फाडायला लागत नाही. शेकोटी पेटवू नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहळं लागतात आणि धूर त्यांना उठवतो. अशा जागी पळायला वाट नसते. याच कारणाने आरडाओरडा नको आणि अंगावर अत्तरही नको. स्टोव्हवर खिचडी होते, तेवढं पुरे.

खिचडी बारा मिनिटांत होत नाही. उंचीमुळे नव्हे, वाऱ्यामुळे. सॅक उभ्या करून आडोसा करा, झाकण उघडून सारखं बघू नका, आणि पाणी नेहमीपेक्षा वाटीभर जास्त घाला.

झोपताना डोकी आतल्या भिंतीकडे. अंथरुण टाकण्याआधी टॉर्चने फटी बघा, बूट रात्री पिशवीत घालून ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावणारा साप म्हणजे मण्यार. दंशाची खूण दिसत नाही, दुखतही नाही, म्हणून पहाटे कुणाच्या पापण्या जड झाल्या, पोटात दुखायला लागलं तर थट्टा करू नका. आवळपट्टी बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला शांत ठेवायचं, १०८ ला कळवायचं, गावात फोन करून माणसं बोलवायची आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघायचं. विंचवाचंही तसंच: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध लाल विंचवाच्या दंशावर चालतं हे दाखवून दिल्यापासून कोकणातले मृत्यू पुष्कळ घटले, पण ते डॉक्टरच्या हातून.

पहाटे माथा. गुहेपासून पुढे आणखी पन्नासेक खोदीव पायऱ्या आहेत, सॅक न घेता चढायच्या. माथा चिमुकला, महादेवाचं देऊळ, समोर नंदी. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, सिद्धगड, आहुपे घाट आणि हवा स्वच्छ असली तर जीवधन. आठ जण एकदम वर नकोत, चार-चार जा.

उतरताना क्रम बदलतो. अनुभवी माणूस सगळ्यात खाली, म्हणजे आधी. त्याच्यानंतर घाबरणारा, म्हणजे खालचा त्याला पाय कुठे टेकायचा ते सांगतो. तोंड कातळाकडे, शिडी उतरतो तसं. बसून घसरत उतरायची सवय असेल तर इथे सोडा, सॅक मागच्या पायरीला अडकते आणि तोल पुढे जातो. कुणाचे पाय थरथरले तर थांबा, गूळ-शेंगदाणे द्या, बोलत राहा. दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्याही जमतील तेवढ्या खाली आणा. रिकाम्या सॅकमध्ये जागा असतेच.

देहरीत पोचल्यावर काकांना आधी तोंड दाखवा, मग जेवायला बसा. मावशींचे उरलेले पैसे सुट्टे द्या. बाकी हिशोब, कुणाचा गॅस, कुणाचे वडे, तो मुरबाडच्या एसटीतच मिटवा. कल्याणला उतरलं की प्रत्येकाची लोकल वेगळ्या फलाटावर लागलेली असते आणि वसुलीला पुढचा ट्रेक उजाडतो.