रांगोळी झाडणार कोण?

पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी रस्त्यावर मोठी रांगोळी काढायची ठरली, की बैठकीचा पहिला तास हमखास विषयावर जातो. यंदा 'पाणी वाचवा' की शिवराज्याभिषेक? दुसरा तास रंगाचे पैसे कोण देणार यावर. मला विचाराल तर बैठक उलट्या टोकाने सुरू करा. पाडव्याच्या दुपारी ही रांगोळी कोण झाडणार, कशाने झाडणार आणि भरलेली पोती कुठे जाणार, हे आधी ठरवा. याचं उत्तर मिळालं की जागा, आकार, विषय आणि देणगीदार हे चारही प्रश्न निम्मे सुटतात. नाही मिळालं, तर त्या वर्षी सोसायटीच्या आवारात काढा आणि सुखाने झोपा.

1999 साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने पहिली नववर्ष स्वागतयात्रा काढली. मग ठाणं, गिरगाव करत ती गावोगाव पसरली आणि तिच्याबरोबर रस्त्यावरच्या रांगोळ्याही. मुंबईतला काळा घोडा महोत्सवही त्याच वर्षीचा. तिथे रस्ता वाहनांना बंद ठेवून कला मांडतात. आपल्या वाट्याला येतो तो चालता रस्ता. रात्री उशिरापर्यंत रिक्षा, पहाटे दुधाचा टेम्पो, आणि मधल्या चार-पाच तासांत जे काय करायचं ते.

प्रभाग कार्यालय, पोलीस ठाणं आणि वाहतूक शाखा, अशा तीन ठिकाणी अर्ज द्यावा लागतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्के मिळाले की मंडळाला वाटतं, रस्ता आपला झाला. तो तसा होत नाही. एका वर्षी आमच्याकडे तिन्ही कागद चोख होते. पहाटे काठाची वेल पूर्ण झाली, मुली हात झटकून चहाला गेल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी शटर वर केलं, रोजच्या सवयीने पायरी धुतली आणि बादली रस्त्यावर ओतली. पाण्याचा ओघळ उतारावरून थेट वेलीत शिरला. निळ्यावर गुलाबी, गुलाबीवर पिवळा. ते बिचारे बादली हातात धरून तसेच उभे. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. परवानगीच्या प्रती तीन कार्यालयांत पोचल्या होत्या, पण शेजारच्या दुकानात एकही गेली नव्हती.

तेव्हापासून आठवडाभर आधी त्या पट्ट्यातल्या प्रत्येक दाराशी जायचं, असा आमचा शिरस्ता आहे. दूधवाला, पेपरवाला, रिक्षा स्टँडवरचे, रात्रीचा वॉचमन. आणि सगळ्यांत आधी फुलवाले. पाडव्याची सकाळ ही झेंडू, आंब्याचे डहाळे, कडुलिंब आणि साखरेच्या गाठी विकण्याची. वर्षातल्या चार-दोन मोठ्या विक्रीच्या दिवसांपैकी हा एक. रांगोळीसाठी सगळे ज्या नाक्यावर डोळा ठेवून असतात, तिथेच त्यांची टोपली असते. 'एक दिवस पलीकडे बसा' म्हणणं आपल्याला सोपं. माझं मत स्पष्ट आहे: रांगोळी सरकवा, टोपली नको. आम्ही एकदा वर्तुळाचं अर्धवर्तुळ केलं, त्याने काही बिघडलं नाही.

आता कामाचं. डांबर ही रांगोळीची जागाच नव्हे, हे धरून चाला. खडीच्या फटी पोटभर रंग पितात. गुळगुळीत फरशीवर एक मिलिमीटरचा थर द्यायचा तर शंभर चौरस फुटांना दहा-बारा किलो पुरते. डांबरावर दीडपट मागवा. रिक्षा उभ्या राहतात तिथे तेलाचे डाग असतात. त्यावर आदल्या संध्याकाळी लाकडाचा भुसा टाकून घासून काढा. रस्ता धुवायचा असेल तर तो पुरता वाळेपर्यंत थांबा. आखणी खडू आणि सुतळीने. रस्त्यात खिळा ठोकता येत नाही, तेव्हा वर्तुळाच्या मध्यावर सुतळी दाबून एक माणूस बसवायचा, आणि तो मध्येच उठणारा नको. जमिनीचा रंग चाळणीने, वरची पांढरी रेघ हाताने. 1981 मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या पद्धतीतल्या शृंखला, सर्परेषा, केंद्रवर्धिनी नवख्यांनाही एका शिबिरात जमतात. अनेक हातांनी एकच चित्र काढायचं असतं तेव्हा हे फार सोयीचं पडतं. पावडर म्हणजे दगडाचा भुगा. चाळणीवर बसणाऱ्यांच्या नाकाला मास्क हवाच. 'आमच्या आज्यांनी कुठे लावला होता?' हा युक्तिवाद दरवर्षी होतो. आजीचं अंगण वीतभर होतं.

उजेडाची आठवण कुणालाच राहत नाही. पाडव्याची आदली रात्र म्हणजे फाल्गुनी अमावास्या, चंद्राचा उपयोग शून्य. रस्त्यावर जुने पिवळे सोडियमचे दिवे असतील तर त्याखाली निळा आणि हिरवा दोन्ही काळपट दिसतात. रात्री मोराचं पीस अगदी झकास भरलेलं असतं आणि सकाळी त्याचा डोळा पिसाच्या रंगात बुडालेला. रंगाच्या पिशव्यांवर नावं लिहा आणि दोन पांढरे दिवे भाड्याने आणा.

विषयाकडे येते. देवाचं, महाराजांचं किंवा संतांचं चित्र रस्त्यावर काढू नका. मोठ्या माणसांना हे सांगितलं की ती दुखावतात, पण यात्रा संपल्यावरचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. चेहऱ्यावर पाऊल पडेल म्हणून दोरी लागते, दोरीमुळे माणसं उभी करावी लागतात, गर्दी अडते, आणि दुपारी तो चेहरा झाडायला कुणाचा हात धजत नाही. आळंदी-देहूच्या पालख्यांपुढे वाटेवर रांगोळीच्या पायघड्या काढतात, त्या कशासाठी असतात? वारकऱ्यांची पावलं त्यावरून जावीत म्हणूनच ना! ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहरात तर ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घरोघरची माणसं तासन्‌तास खपून रंगीत भुशाचे आणि फुलांचे गालिचे रस्त्यावर घालतात. मिरवणूक काही मिनिटांत त्यावरून जाते आणि तिच्या मागोमाग रस्ता साफ करणारे येतात. पाय पडणार हे गृहीत धरून विषय निवडलात की निम्मं मनुष्यबळ वाचतं.

देणगीदाराचंही आधीच बोलून घ्या. एका व्यावसायिकांनी आम्हाला सगळा रंग दिला आणि पहाटे त्यांचा माणूस नावाचा फ्लेक्स घेऊन हजर. तो रांगोळीच्या मधोमध ठेवायचा म्हणे. तिथे उभ्याने झालेली बोलाचाली पुढे वर्षभर पुरली. नाव कुठे, केवढं, किती वेळ, हे एका कागदावर लिहून सही घेतली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. आणि रंग देणारा तो भागीदार, असं समजू नका. त्या रस्त्यावर रोज ज्याचं पोट आहे, तो पहिला भागीदार.

त्यात सफाई कामगार आले. आधी मुकादमांना भेटा. आमच्याकडे पहिल्यांदा झाडायला आलेल्या मावशी रांगोळीच्या काठाशी थांबूनच राहिल्या. म्हणाल्या, "ताई, रात्रभर तुमी बसून काढलं, पहिला झाडू आमी कसा मारायचा?" तेव्हापासून पहिला झाडू काढणाऱ्यांनीच मारायचा, मग सगळ्यांनी मिळून. पाण्याचा फवारा मारून धुऊन टाकायचा मोह होतो. तसं केलंत तर भुगा पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये बसतो आणि रंग नाल्यातून खाडीला जातो. कोरडंच झाडा, फावड्याने पोत्यात भरा. सगळे रंग मिसळून खाकी-करडा भुगा होतो. चाळून ठेवला तर पुढच्या वर्षीच्या सराव शिबिराला तोच वापरता येतो. सफाईवाल्यांना मेहनताना द्या, नुसता नाश्ता नव्हे. सणाच्या दिवशी त्यांचंही घर वाट बघत असतं.

आमच्या अर्जात आता विषयाच्याही वर एक ओळ असते: रस्ता दुपारी अमुक वाजता झाडून मोकळा करून देऊ, आणि खाली जबाबदार दोघांचे मोबाइल नंबर. वाहतूक शाखेतले साहेब बाकीचा कागद चाळतात. बोट ठेवून वाचतात ती हीच ओळ.