चाळ उरली नाही, विनोद उरला का?

प्रश्न : नात कॉलेजात आहे. तिला 'बटाट्याची चाळ'चं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती दहा मिनिटांत उठून गेली. पुलंचा विनोद शिळा झाला का?
– एक आजोबा, ठाकुर्ली

उत्तर : आजोबा, काही भाग शिळा झालाय, हे मान्य करा. 1961मध्ये पुलंनी चाळ रंगमंचावर एकट्यानं उभी केली, तेव्हा प्रेक्षकांतले बरेचजण चाळीतूनच आले होते. ठाकुर्लीतही आता टॉवर उठलेत. नातीला सामाईक गॅलरी कुठून ठाऊक असणार? संगीत नाटकांचे संदर्भही तिला परके. आणि बायका बहुतेकदा कडेलाच, हे तिला खटकलं तर वाद घालू नका.

पण 'उपास' ऐकवा. वजन उतरवायला निघालेल्या माणसाला अख्खी चाळ फुकट सल्ले देते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आज वेगळं काय चालतं? माणसाच्या खोडीवरचा विनोद टिकतो, वस्तूंवरचा लवकर विटतो.

शिवाय हा प्रयोग बघण्याचा. नुसत्या आवाजात निम्मा जातो. चाळीसारखंच एकट्यानं रंगवायचं लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुढे संदीप पाठक यांनी रंगमंचावर आणलं. प्रयोग लागला तर नातीला घेऊन जा. मात्र शेजारी बसून 'आता हस' म्हणून कोपरखळ्या मारू नका.